थंड्या इंजिनात पाच लिटर

मी आणि माझी बायको गंगू, आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे भाच्यानं आणलेल्या जर्मन गाडीत पाच लिटर तेल ओतणं. तिनं नरसाळं धरलं होतं. मी ओतत होतो. गाडीला तेलाची गरज नव्हती.

मी चौथी पास. पण पिंपळगाव राजात पन्नास वर्षं विहिरीवरची डिझेल इंजिनं दुरुस्त केली, म्हणून गाव मला मिस्त्री म्हणतं. (आणखीही काही म्हणतं, ते इथं लिहीत नाही.) एवढी इंजिनं हाताखालून गेली, पण घरात चार चाकं कधी आली नाहीत. हे वरवट बकालला राहणाऱ्या गंगूच्या भावजयीला पक्कं ठाऊक. दर दिवाळीला तिचं एकच, "वन्सं, मिस्त्रीनं साऱ्या गावाच्या इंजिनाले हात लावला, तुमाले काही गाडीत बसवलं नाही!" गंगू तिच्यासमोर हसायची. परतीच्या एस्टीत मात्र शेगाव येईपर्यंत बोलायची नाही.

तर गंगूच्या त्या भावाच्या नव्या घराची वास्तुशांती होती. आदल्या संध्याकाळी माझ्या बहिणीचा पोरगा सुभाष दारात उभा. तो पुण्यात परदेशी गाड्यांच्या गॅरेजात कामाला. सोबत एक लाल, बुटकी, बेडकासारखी बसलेली गाडी. दुरुस्त करून नागपूरला मालकाकडं पोचवायची होती.

"मामी, उद्या तुमाले वरवटले सोडतो, मंग पुढं जातो."

गंगूनं लगेच पेटीतून हिरवं पातळ काढलं. मी इंजिन पाहायला पुढचं झाकण उघडलं, तर आत सुभाषची पिशवी! इंजिन मागं होतं.

"कसं हाय बे हे?"

"सहा सिलिंडर, मामा. तीन इकडं, तीन तिकडं. आडवे."

"आडवे काऊन? दमले का?"

"त्यानं वजन खाली राह्यते, गाडी वळणावर हालत नाही. दोनशे तीस घोड्यांची ताकद हाय."

(माझ्या पंपाला पाच घोडे. ते चार एकर कपाशी भिजवतात. इथं दोनशे तीस घोडे दोन माणसं नेणार!)

"पाणी कोठी टाकतात?"

"पाणीच नाही. हवेनं अन् तेलानं थंडं होते."

"टिकते का पण?"

"तीन लाख किलोमीटर उघडाचं काम नाही. फक्त तेल बराबर पाह्यजे."

बाकी सगळं मी विसरलो. तेल बराबर पाह्यजे, एवढं डोक्यात राहिलं.

सकाळी सुभाष आंघोळीला गेला. माझा जन्माचा नियम, इंजिन थंडं असताना, सुरू करायच्या आधी तेल पाहायचं. मी तेल मोजायची काडी ओढली. कोरडी! पुसून पुन्हा घातली. पुन्हा कोरडी!

"गंगू, नरसाळं आण! पोरगं पुण्याहून बिनतेलाचं आलं!"

"अहो, त्याले इचारा तं आधी."

"त्याले काय इचारतं? माझ्यासमोर नागडा फिरत होता तो!"

पंपाच्या तेलाचा पाच लिटरचा डबा होता. सगळा रिकामा केला. काडीवर खुणेपर्यंत तेल आलं. गंगूनं माझ्याकडं कौतुकानं पाहिलं. (हे क्वचित घडायचं, म्हणून नोंदवून ठेवतो.)

सुभाषनं गाडी सुरू केली आणि गल्ली नाहीशी झाली. एवढा पांढरा धूर मी पन्नास वर्षांत पाहिला नव्हता! समोरच्या घरातला किसन दिसत नव्हता, पण ऐकू येत होता, "मच्छराची फवारणी आली वो! दारं उघडा, धूर आत येऊ द्या!" साऱ्या गल्लीनं दारं उघडली. एका म्हातारीनं तर गाद्या उचलून धरल्या.

सुभाषनं गाडी बंद केली. "मामा, काय केलं?"

"तेल टाकलं. कोरडं होतं."

"किती?"

"पाच लिटर."

तो खाली बसला. "मामा, या इंजिनाचं तेल वेगळ्या टाकीत राह्यते. गाडी उभी राह्यली की झिरपून खाली इंजिनात उतरते, मंग टाकीतली काडी कोरडीच दिसते. तापवून, चालू ठेवून पाह्यतात."

"चालू इंजिनात तेल कोण पाह्यते बे!"

"सारे पाह्यतात, मामा."

गंगू म्हणाली, "तुमच्यावानीच हाय हे. सकाळी काही गावत नाही, तापल्यावर समजते."

दहा वाजले होते. वरवटला जेवणं बाराला. सुभाष गाडीखाली शिरला. मी पाना घेऊन वाकलो, तर म्हणतो, "मामा, तुमी हात नका लावू." पन्नास वर्षांत हे मला कोणी म्हटलं नव्हतं! मी गुपचूप घमेलं धरून बसलो. तेल घमेल्यात कमी आणि माझ्या धोतरावर जास्त पडलं. जास्तीचं तेल उसळून हवेच्या फिल्टरातही गेलेलं, ते पुसता पुसता अकरा झाले.

गंगू हिरवं पातळ नेसून ओट्यावर बसली होती. हळूच म्हणाली, "मी एस्टीनं जातो. भावजय म्हणन ते म्हणन. सवय हाय मले."

मी घमेल्यातलं तेल परत डब्यात ओतायला घेतलं.

सव्वाअकराला सुभाषनं पुन्हा चावी फिरवली. थोडा धूर आला, मग कमी झाला, मग थांबला. सहाही सिलिंडर एका दमात बोलायला लागले, जाड कापड टराटरा फाडल्यासारखा आवाज. मी तोंड वासून ऐकत राहिलो.

"अहो, बाजूले व्हा," गंगू म्हणाली, "मले बसू द्या."

मला नेलं नाही. सीटं चामड्याची होती आणि मी तेलाचा.

संध्याकाळी भावाच्या जीपनं ती परत आली. मी विचारलं, "पोचली का टायमावर?"

"पहिली पंगत उठून राह्यली होती. सारे बाहीर आले पाह्याले. गाडी एवढी नीची, मले उतरताच येईना! शेवटी भावजयीनंच हात धरून ओढलं."

"काय म्हणे?"

"म्हणे, वन्सं, बम महाग दिसते गाडी. म्या सांगतलं, हो, पण तेल आमच्या ह्यायनं टाकलं तिच्यात."

"पुढचं सांगतलं का?"

"पुढचं कायले सांगू?"

हे मंगळवारचं. गुरुवारी दुपारी जेवून ती जरा पडली, ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. संध्याकाळी तिला पोचवून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर पाहुण्यांनी भरलेलं. किसन दारात आला. "मिस्त्री, पंपाचं इंजिन चालू होऊन नाही राह्यलं. वांगी सुकून चालली."

"त्यायले सुतक हाय!" गंगूची भावजय ओरडली.

"इंजिनाले नसते सुतक," म्हटलं, आणि पाने उचलले.

शेतात मी फिल्टर धुतला. नोझल खोललं, बसवलं. हँडल मारून मारून घामाघूम झालो. सव्वा तासानं हात डिझेलच्या टाकीखालच्या तोटीला, कॉकला लागला. बंद!

"हा कोणं बंद केला?"

"म्याच," किसन म्हणाला.

"काऊन बे?"

"तुमी कालपासून भिंतीकडं पाहून राह्यले होते. म्हटलं, बाहीर तं काढू."

मी कॉक उघडला, पहिल्याच हँडलला इंजिन लागलं. वांग्याला पाणी सुटलं.

किसन म्हणाला, "मले तं भेव वाटत होतं, मिस्त्री, तुमी पाच मिन्टात ओळखान अन् घरी चालले जान."

एवढा भरवसा माझ्यावर कोणी ठेवू नये.