शून्य मोजणारी

तिचं नाव मी कधी विचारलं नाही. लॉकडाऊनच्या त्या एप्रिलमध्ये आमच्या उपनगरातल्या, पॉइंट कुकच्या तळ्याकाठी चालायला परवानगी होती, बसायला नव्हती. ही सत्तरीची गोरी बाई मात्र रोज फोल्डिंगची खुर्ची टाकून दुर्बिणीतून पक्षी मोजायची. चिमणीएवढे पक्षी, पण ऑटममध्ये, म्हणजे इथल्या उलट्या ऋतूंमुळे एप्रिलच्या सुमारास, इथून पार सायबेरियाला जाणारे. दर पक्ष्यामागे तिच्या हातातला काउंटर टिक करायचा.

माझी पीआर, म्हणजे या देशात कायम राहायची परवानगी, नुकतीच झालेली, त्यामुळे पोलीस दिसला की मी उगाच भरभर चालायचो. पुण्याचं तिकीट रद्द झालं, आई तिकडे एकटी, तरी सगळ्यांना 'नो वरीज'च म्हणत होतो.

एकदा पोलिसाने तिला हटकलं, "मॅम, फक्त व्यायामाला परवानगी आहे."

ती उठली आणि दुर्बीण डोळ्यांवरून न काढता जागच्या जागी पाय आपटू लागली. "हा घे व्यायाम!" टिक, टिक, टिक.

मग एका सकाळी पक्ष्यांचा तळ्याकाठचा चिखल रिकामा दिसला. पक्षी गेले होते. ती तिथेच, पाय आपटत. तोच पोलीस गाडीतून उतरला.

"मॅम, आज तर एकही पक्षी नाही."

"शून्यसुद्धा मोजावं लागतं, मेट. बावीस वर्षांत एक दिवस चुकवलेला नाही. आज तुझ्यासाठी चुकवू?"

तो माझ्याकडे वळला. "आणि तुम्ही?"

एरवी मी सॉरी म्हणून घर गाठलं असतं. त्या दिवशी दीड मीटर अंतर सोडून तिच्या शेजारी उभा राहिलो आणि जागच्या जागी पाय आपटायला लागलो.

"व्यायाम," मी म्हटलं.