गयाबाईंचं साल

केनवडहून गयाबाईंच्या भाच्याचा फोन आला, तेव्हा मी ऑफिसात हाताखालच्या लोकांचे वार्षिक शेरे लिहीत होते. "मामी गेली ताई, पहाटं," एवढंच तो म्हणाला. समोर कुणाच्या तरी नावापुढे नुकतंच ‘अत्युत्तम’ लिहून झालं होतं. आमच्याकडे सगळ्यांनाच अत्युत्तम लिहितात, भांडण नको असतं कुणाला. तो शब्द बघवेना, मी उठून बाहेर जाऊन उभी राहिले.

गयाबाई माझ्या गार्गीला सांभाळायच्या. वाशीममध्ये आम्ही नवखे, गार्गी अंगावर पिणारी, माझी रजा संपलेली... शेजारणीनं त्यांना आणून उभं केलं. मूलबाळ नाही, नवरा वारलेला. तो हयातभर केनवडच्या एका शेतकऱ्याकडे सालगडी होता. पाडव्याला साल धरायचं, पुढच्या पाडव्याला सुटायचं. त्यामुळे असेल, आमच्याकडचा पहिला पाडवा आला तशा गयाबाई धुतलेलं लुगडं नेसून, केस चापून दाराबाहेरच्या पायरीवर येऊन बसल्या. एरवी त्या स्वयंपाकघरात पाय पसरून बसणाऱ्या. "सांगा ताई, माहं साल कसं गेलं? काय चुकलं?"

मला हसू आलं. म्हटलं, चांगलं गेलं की. तर त्यांचा चेहरा पडला. "असं नोका म्हनू. मालकाले गडी ठेवाचा असला तं तो पाडव्याले चुका काढते. काढून टाकाचा असला की गोड बोलते. चहा पाजते, लय चांगलं केलं म्हन्ते. मंग गड्यानं समजून घ्याचं अन् आपलं बोचकं उचलाचं."

मग मी कंबर कसून चुका काढल्या. दुधात साखर फार घालता. गालावरची तीट रुपयाएवढी मोठी लावता. पोरीला भुताच्या गोष्टी सांगता, ती पलंगाखाली बघितल्याशिवाय झोपत नाही. गयाबाई एकेका चुकीवर तावातावानं भांडल्या आणि शेवटी समाधानानं म्हणाल्या, "मंग धरलं म्हना साल!" दरवर्षी हेच. गार्गी बोलू लागल्यावर तर हक्काची चूकच सापडली. "पोरगी ‘मले भूक लागली’ म्हणते, बाई शाळेत टोकतात," मी म्हणायची. "मंग का भूक इंग्रजीत लागते तिले?" असं म्हणत त्या तडक चुलीकडं जायच्या. गॅसलाही त्या चूलच म्हणत.

पुढे गयाबाई विसरायला लागल्या. भाजीत मीठ दोनदा पडे, किंवा पडतच नसे. एका संध्याकाळी गार्गीला शाळेतून आणायला म्हणून निघाल्या आणि स्टँडवर जाऊन केनवडच्या एसटीत बसून राहिल्या. पोरगी शाळेच्या फाटकाशी रडत उभी. कंडक्टरनं फोन केला. घरी आल्यावर गयाबाई तोंडात पदर कोंबून रडल्या. "लेकरू इसरली मी, ताई."

त्यानंतरचा पाडवा. त्या पायरीवर येऊन बसल्या, मान खाली. चूक एकच होती आणि ती दोघींनाही ठाऊक होती. त्या थकलेल्या मानेकडे बघून माझी जीभच रेटेना. चुलीवर चहा उकळत होता, तो त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "काही चुकलं नाही. फार चांगलं केलंत तुम्ही."

त्यांनी कपाकडे पाहिलं. चहा प्यायल्या, कप विसळून पालथा ठेवला. दुपारी पिशवी घेऊन निघाल्या. मला वाटलं, सणाचं गावाकडे चालल्या असतील.

राग येतो मला गयाबाईंचा! इतकी वर्षं एका घरात काढली, मी काय तुमचा मालक होते? आठवड्याभरात केनवड गाठलं, हातापाया पडले. त्या शांतपणे म्हणाल्या, "बोली पाडव्यालेच होते ताई. आता सरला पाडवा." ठीक आहे, म्हटलं, पुढच्या पाडव्याला भरपूर चुका घेऊन येते.

थंडीतच भाच्यानं बोलावलं. गयाबाई खाटेवर होत्या, मुठीएवढ्या झालेल्या. पाडव्याची वाट बघण्यात अर्थ नव्हता. मी खाटेच्या कडेला बसून एकेक चूक मोजायला लागले... साखर, तीट, भुतं, मीठ. एसटीचंही बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमी कोन्या गावच्या, बाई?"

"वाशीमची."

"वाशीमले मी कामाले होती," त्या म्हणाल्या. "मानसं लय चांगले होते. गोड बोलले अन् काढलं."

भाच्यानं पाणी दिलं, ते प्यायले आणि परत आले.

त्या गेल्या आणि मागोमाग पाडवा आला. गुढी उभारून झाल्यावर गार्गी त्या पायरीवर जाऊन बसली. ती आता चहा पिते. मी सवयीनं कप घेऊन दाराशी गेले. तिनं कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मला नको," ती म्हणाली.

मले नाही, मला. दर पाडव्याला मी काढत आले ती चूक दुरुस्त झाली होती.