गरम उकड

आज सकाळी तांदळाच्या उकडीवरचं झाकण काढलं. वाफ चष्म्यावर आली आणि त्या वासासरशी मला टेक्सासमधल्या शुगर लँडच्या नलूकाकूंचं स्वयंपाकघर आठवलं.

पंधरा वर्षं झाली. त्या आठवड्यात माझी नोकरी गेली होती. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीसाठी मोदक करायला येतो, असं काकूंना आधीच कबूल केलं होतं, म्हणून गेलो. इथे आपल्या लोकांत नावापाठोपाठ कंपनी सांगायची पद्धत. ड्राइव्ह करताना मी एक वाक्य चारदा घोकलं होतं. दार उघडताच ते बोलून टाकलं, "काकू, मी सध्या कन्सल्टिंग करतोय."

"बरं. उकड मळता येते का?"

"येते. आईनं शिकवलीय."

"मग हात धू आणि बस. हे सगळे इंजिनिअर ती गार व्हायची वाट बघतात आणि मग माझे मोदक फुटतात!"

तेल-पाण्याचा हात लावून मी चार पराती उकड मळली. तळवे लालबुंद झाले, पण एकही मोदक फुटला नाही. त्या आठवड्यात पहिल्यांदाच मी पोटभर जेवलो.

तेव्हा वाटलं होतं, काकूंनी माझी लाज राखली. आता वाटतं, छे, त्यांना खरोखरच फक्त मोदकांची काळजी होती.

मागच्या महिन्यात मी रिटायर झालो. ऑफिसच्या दारावरची माझी पाटी निघाली. काल मंडळाची कामांची यादी आली. माझ्या नावापुढे यंदाही तेच लिहिलंय: उकड.