हरलेल्याचे नाव

हरलेल्या माणसाशी आबांइतक्या अदबीने वागणारा दुसरा मनुष्य मी पाहिला नाही, आणि त्यांच्या या अदबीपायी निम्म्या जयपूरला कुस्तीचा निकाल रेडिओवर कधीच कळला नाही. आबा मूळचे कोल्हापूरकडचे. ऐन उमेदीत राजस्थानातल्या एका संस्थानाने त्यांना दरबारी पैलवान म्हणून नेले. पुढे संस्थान विलीन झाले, दरबार संपला, खुराक संपला, आणि पन्नाशीकडे झुकलेला तो प्रचंड देह सिव्हिल लाइन्समधल्या एका ठाकूरसाहेबांच्या बंगल्यामागे दोन खोल्यांत येऊन राहिला. मी तेव्हा शेजारच्याच घरात राहत होतो आणि जयपूरच्या रेडिओ केंद्रावर कार्यक्रम विभागात नवा होतो. दंगलींचे, म्हणजे तिकडच्या कुस्त्यांच्या फडांचे, धावते वर्णन करायला जाणता माणूस हवा होता. मी शेजारधर्माला जागून आबांचे नाव सुचवले.

आबांनी मायक्रोफोनला आखाड्याचा मान दिला. वहाणा लांब काढून ते येत, मायक्रोफोनच्या बुडाला हात लावून तो कपाळाला नेत, आणि धोतराच्या आत लंगोट कसलेला असल्याखेरीज तोंड उघडत नसत. "कंबर सैल पडली की आवाज बी पडतो, साहेब," हे त्यांचे शास्त्र. त्यांचे हिंदी कोल्हापुरी वळणाचे होते, पण कोणी पट काढला, कोणी मान सोडवली, कोणाचा दम कुठे उखडला, हे ते असे सांगत की ऐकणाऱ्याच्याच मानेवर पकड बसावी. आणि नेमक्या शेवटच्या क्षणी, लोकांची आरोळी उठत असताना, आबा शांतपणे म्हणत, "दोनों पहलवानों ने मिट्टी की लाज रखी. अब आप बाजा सुनिए." दुसऱ्या दिवशी पानवाल्यापासून शेजारच्या डॉक्टरांपर्यंत जो तो मला अडवून निकाल विचारी.

याला कारण आबांनी आपल्या वस्तादांना तालमीत दिलेला शब्द होता. "जिंकल्याचं नाव हलगी सांगती, हरल्याचं मातीनं गिळायचं असतं," असे वस्ताद म्हणत. रेडिओवर एकाचे नाव सांगितले की दुसऱ्याचे आपोआप कळते, म्हणून आबा दोन्ही गिळत. हा नियम त्यांनी घरीदारीही लावला होता. माझ्या पत्नीशी कॅरम खेळताना राणी घेतली रे घेतली की ते घाईघाईने सोंगट्या विस्कटून "सूनबाई, चहा झकास झालाय" असे काहीतरी बोलत. निवडणुकीचा निकाल लागला की मिठाई वाटणाऱ्या घरावरून मान खाली घालून जात आणि पडलेल्या उमेदवाराच्या ओसरीवर तासभर बसून येत. मी खात्याच्या परीक्षेत नापास झालो, तेव्हा भेटेल त्याला प्रश्नपत्रिकेचे दोष समजावून सांगत होतो. आबांनी ते सगळे ऐकून घेतले, आणि दुसऱ्या सकाळी भिजवलेल्या बदामांची वाटी आणून पत्नीच्या हाती दिली. "साहेबांचा खुराक वाढवा," एवढेच म्हणाले. परीक्षेचा उल्लेख त्यांनी केला नाही, आणि त्यानंतर मलाही करवला नाही.

रेडिओमुळे नाव झाले तसे आबांनी एक परोपकार अंगावर घेतला. शहराच्या कडेला झोटवाड्यात काही अंध कारागीर एका पत्र्याच्या छपराखाली वेताच्या खुर्च्या विणत. हात कसबी होते, पण काम येत नसे. आबा त्यांच्यासाठी देणगी कधी मागत नसत. ते सिव्हिल लाइन्समधल्या एखाद्या अधिकाऱ्याच्या बंगल्यावर सदिच्छा भेटीला जात आणि व्हरांड्यातली सर्वांत जुनी वेताची खुर्ची पाहून तीत बसत. वेत फाटून आबा खाली जात. मग त्यांच्या चेहऱ्यावर जो अपराधी भाव येई, तो पाहून घरमालकच त्यांची समजूत काढू लागे. "आता भरून आणून देतो," असे म्हणत आबा ती खुर्ची सायकलला बांधून झोटवाड्याची वाट धरत. आमच्याही एका खुर्चीत ते असेच बसले. हे मुद्दाम करता का, असे मी विचारले, तेव्हा ते दुखावल्यासारखे म्हणाले, "देह असा दिलाय देवानं, त्याला मी काय करू?"

शेवटी श्रोत्यांच्या तक्रारी वरपर्यंत गेल्या. आमचे केंद्राधिकारी सौम्य गृहस्थ होते. त्यांनी सौम्यपणेच बजावले की पुढच्या दंगलीत हरणाऱ्याचे नाव सांगितले गेले नाही, तर मायक्रोफोन दुसऱ्याकडे जाईल. हे आबांना सांगण्याचे काम माझ्याकडे आले. दरबार गेल्यानंतर 'पैलवानजी' म्हणून हाक मारणारे जग त्यांच्यापुरते त्या एका तारेने टिकून होते, हे मला ठाऊक होते. आबांनी ऐकले आणि म्हणाले, "मग न्या मायक्रोफोन. वस्ताद काय वरनं शब्द मागं द्यायला येणार हायेत?"

त्यांना हलवले ते झोटवाड्याच्या म्हाताऱ्या मास्टरजींनी. हे त्या कारागिरांतले सर्वांत वडील. एकदा वेत ओढता ओढता ते म्हणाले, "पहलवानजी, आँखवाले तो सुबह अखबार में देख लेते हैं. हम किससे पूछें?" आबा परत येताना सायकल हातात धरून चालत आले.

पुढची दंगल त्याच कारागिरांचे छप्पर नवे करायला पैसे उभे राहावेत म्हणून भरवलेली होती. आबांनी जाहीर केले की शेवटची कुस्ती ते स्वतः खेळतील, आणि वर्णनही तेच करतील. जोड म्हणून त्यांनी अलवरकडचे आपले दरबारी दिवसांतले प्रतिस्पर्धी बोलावले. त्या गृहस्थांचा गुडघा चालताना कुरकुरत असे. कारागीर अगदी पुढे बसले होते, आणि मी मायक्रोफोन घेऊन आखाड्यातल्या मातीच्या हौद्याच्या कडेने पळत होतो. आबा झुंजता झुंजता धापा टाकत सांगत होते, "अब ये हमारी गर्दन पे आये हैं. पकड़ अच्छी है. अब हम घिस्सा मारते हैं... नहीं हुआ. उमर हो गयी, बच्चे." लोक पोट धरून हसत होते. मग दोन म्हातारे एकमेकांवर कोसळले, आणि आबा खाली राहिले.

हलगी थांबली. मास्टरजींनी मान वर करून विचारले, "पहलवानजी, हारा कौन?"

मी मायक्रोफोन मातीपर्यंत खाली नेला. आबा उताणेच होते. त्यांनी आपले नाव सांगितले, वडिलांचे सांगितले, गावाचे सांगितले. "दोनों कंधे मिट्टी को लगे हैं, मास्टरजी. हम हारे हैं."

"चोट तो नहीं आयी?" मास्टरजींनी विचारले.

"आयी है," आबा म्हणाले. "पर मिट्टी अपनी है."

केंद्राधिकाऱ्यांची अट पुरी झाली होती, मास्टरजींना उत्तर मिळाले होते, आणि दुसऱ्या कोणा पैलवानाचे नाव वस्तादांच्या मातीबाहेर गेले नव्हते. मायक्रोफोन आबांकडेच राहिला. त्यापुढे प्रत्येक दंगलीआधी ते दोन्ही पैलवानांपुढे हात जोडून उभे राहत आणि विचारत, "हार गया तो तेरा नाम लूँ क्या, बच्चे?" एकदा त्यांचेच नाव तसे घेतले गेलेले असल्यामुळे कोणी नाही म्हणत नसे. ती कुस्ती जाणूनबुजून दिली होती का, असे मी त्यांना एकदाच विचारले. "लुटुपुटीची कुस्ती जन्मात केली न्हाई, साहेब," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तोच भाव आला, जो फाटलेल्या खुर्चीतून उठताना येत असे.

नंतर माझी बदली झाली, आणि काही वर्षांनी आबा गेल्याचे कळले. आता मी त्यांच्या तेव्हाच्या वयाला येऊन पोहोचलो आहे. मधल्या काळात मीही काही ठिकाणी हरलो. प्रत्येक वेळी कारणे चांगली सांगितली, पण खांदे लागले एवढेच म्हणून थांबणे मला अजून जमत नाही. झोटवाड्याला भरून आणलेली ती खुर्ची माझ्या व्हरांड्यात आहे. वेत जुना झाला आहे, मधोमध खचलाही आहे. कोणी जरा जोराने बसले, तर सहज फाटेल. येणारे सगळे जपूनच बसतात.