विहिरीची सरळ रेघ

कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते, पण माझं अर्धं लक्ष कायम खिडकीबाहेर. दुपारच्या प्रॅक्टिकलला चुंबकाची कांडी बीकरमध्ये गरगरत असते, मिलिव्होल्टचा आकडा सावकाश बदलत असतो, आणि बघता बघता मी खाडीकाठच्या आमच्या विहिरीशी पोचलेली असते.

त्या विहिरीचं पाणी मी दर महिन्याला बाटलीत भरून एसटीने कॉलेजात आणायचे. पाण्यात सिल्व्हर नायट्रेट थेंबथेंब सोडायचं आणि चांदीचा इलेक्ट्रोड काय सांगतो ते लिहायचं. मीठ जिथे संपतं तो अंत्यबिंदू. पुस्तकातला आलेख तिथे जिन्यासारखा उभा चढतो. आमच्या विहिरीचा आलेख नुसताच आळसावल्यासारखा वळायचा, नेमकी जागा दाखवायचा नाही. मुलं तर तिथे येईपर्यंत उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! भसकन जास्त ओतून मोकळी.

म्हणून मी सरळ रेघेची पद्धत वापरायचे. अंत्यबिंदूच्या अलीकडच्याच आकड्यांचं थोडं गणित केलं की ठिपके एका उतरत्या रेघेत बसतात. पट्टी लावून ती पुढे ओढायची. ती खालच्या अक्षाला टेकते तिथे अंत्यबिंदू. शेवटाजवळ न जाताच तो दिसतो, याचं मला फार सुख वाटायचं.

एके दुपारी मी दोन वर्षांतले सगळे अंत्यबिंदू एका कागदावर मांडले. तेही सरळ रेघेत बसले, फक्त ही रेघ चढती होती, म्हणजे पाण्यातलं मीठ दर महिन्याला वाढत होतं. पट्टी पुढे सरकवली आणि पाणी पिण्याजोगं राहणार नाही ते वर्ष दिसलं. मला रडू आलं. आई विहिरीजवळच्या आमच्या घरात एकटी राहते, आणि विहीर गेली की तिला तिथून हलावं लागणार. माझ्याकडे यायला ती कधीच तयार नव्हती.

रविवारी आईकडे गेले, आणि कागद पर्समध्येच ठेवून मी पेज प्यायला बसले.

"बाटली भरून ठेवलंय," आई म्हणाली. "काय म्हणता तुझा यंत्र?"

"बरां आसा पाणी," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुझ्या यंत्राक जीभ नाय गो, माका आसा. दोन वर्सां झाली, पेजेत मीठ कमी कमी करीत इलंय. तुका कळाक नको म्हणान."

मी इकडे मीठ मोजत होते आणि ती चिमटीचिमटीने तेच माझ्यापासून लपवत होती.

"किती वर्सां दिसतत कागदार?" तिने विचारलं. कागद मी दाखवलाच नव्हता, पण त्याचा कोपरा पर्समधून डोकावत होता.

"तीन."

"मगे तीन वर्सां मी खंय जाणय नाय," ती म्हणाली, आणि तिने माझ्या वाटीत आणखी एक डाव पेज वाढली.