अक्काचा वन्समोअर

मंडळी, दुपारपासून तोंड कडू झालंय.

माझी थोरली बहीण, अक्का, हिवरखेडहून मुद्दाम अमरावतीला संगीत नाटक पाहायला आली. लहानपणी बाबांनी आम्हाला अचलपूरला असंच नाटक दाखवलं होतं. त्यांनी ‘वन्समोअर’ची आरोळी ठोकली आणि नायिकेनं हसत, हात जोडून तेच पद तीनदा म्हटलं. त्याहून मोठं सुख आम्हा भावंडांना ठाऊक नाही.

आज पहिलं पद संपताच अक्का गुडघ्यावर हात टेकून उभी राहिली. “वन्समोअर!”

नटी क्षणभर थबकली अन् पुढचं वाक्य बोलून मोकळी झाली. शेजारचे गृहस्थ माझ्या कानाशी पुटपुटले, “भाऊ, गाणं रेकॉर्डवरचं हाय. ते नुसते ओठ हलवून राह्यली.”

“काहून रे, तिले आयकू नाई गेलं काय?” अक्कानं विचारलं.

“नसंल गेलं,” मी म्हटलं.

मग काय! प्रत्येक पदाला अक्काची आरोळी आणखी मोठी. लोक आधी हसले, मग ओरडले, “ए आजी, बस ना वं खाली!” मी मान खाली घालून बसलो.

आता घसा बसलाय तिचा. हळद-दूध पिता पिता म्हणते, “उद्या पुढच्या खुर्चीवर बसू.”

तिला खरं सांगू का हो?