दुखण्यावरची टिकली

मी सरकारी दवाखान्यात औषधटंचाईविरुद्धची पत्रकं वाटायला गेले होते. लहान मुलांच्या विभागाबाहेर बाकावर सात-आठ वर्षांची एक मुलगी बसली होती. तिच्या गुडघ्यावर, मनगटावर, घोट्यावर टिकल्या चिकटवलेल्या. मी बघतेय हे पाहून तिची आई म्हणाली, "दुखलं की तिथं लावते. डॉक्टरांपुढं गेलं की नेमकं थांबतं, मग ही काय दाखवणार? मागच्या वेळी म्हणाले, शाळा चुकवायची नाटकं आहेत."

"लाल म्हणजे लई दुखलं," मुलगी म्हणाली. "काळी म्हणजे थोडं."

"आणि ही हिरवी?"

"ती मला आवडते."

लहानपणापासून आमच्या घरात चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे. प्रत्येक दुःखाला कारण असतं, हे मी त्यांतूनच शिकले. इथं दोन वर्षं तपासण्या करूनही कारण सापडलेलं नव्हतं, असं तिची आई सांगत होती. मग घोषणा कुणाविरुद्ध द्यायची? पण कारण सापडत नाही म्हणून दुखणंच खोटं ठरवणं हा अन्याय आहे, आणि तो कोण करतं हे मात्र सांगता येतं.

नंबर लागल्यावर दोघी आत गेल्या आणि जरा वेळानं बाहेर आल्या. आईनं डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद माझ्यापुढं धरला. "वाचा बरं, ताई."

"सांध्यांत खूप दुखतं, असं लिहिलंय. कारण अजून कळलेलं नाही."

"दुखतं, असं लिहिलंय ना?"

"हो."

तिनं कागदाची नीट घडी करून पिशवीत ठेवली. दारापर्यंत गेल्यावर मुलगी थांबली. "आई, इथं."

आईनं टिकल्यांचं पाकीट काढलं.